दहावीच्या निरोपासाठी वर्गाच्या आठवणींचे हस्तलिखित: काय घ्यावे आणि काय गाळावे?

पत्र्याखालचा वर्ग (प्रश्न)

नमस्कार. मी पाटण तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात दहावीची वर्गशिक्षिका आहे आणि मराठी व इतिहास शिकवते. बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होत असल्यामुळे निरोप समारंभ आम्हांला जानेवारीच्या अखेरीस घ्यावा लागतो. यंदा त्या दिवशी वर्गाच्या आठवणींचे हस्तलिखित प्रकाशित करायचे ठरले आहे. वर्गात ३८ मुले-मुली आहेत आणि त्यांतील बहुतेक जण पाचवीपासून एकत्र आहेत. मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देऊन सांगितले, की शाळेतली अशी एकच गोष्ट लिहा, जी आठवली की आजही हसू येते.

चिठ्ठ्या वाचताना मला फार आनंद झाला. गेल्या वर्षी आमची सहल लाल एसटीने रायगडावर गेली होती. नगारखान्यापाशी केलेली कुजबुज सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू जाते, असे आमच्या भूगोलाच्या सरांनी मुलांना सांगितले आणि ते पडताळून पाहण्यासाठी ते स्वतः मेघडंबरीपाशी जाऊन उभे राहिले. इकडे नगारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या एका मुलाने शेजारच्याला अगदी हळू आवाजात विचारले, की सरांच्या डब्यात आता किती पुरणपोळ्या उरल्या असतील. त्यावर समोरून सरांचा खणखणीत आवाज आला, "दोन!" ही एकच गोष्ट नऊ चिठ्ठ्यांत आली आहे आणि प्रत्येक चिठ्ठीत पोळ्यांचा आकडा वेगळा आहे. दुसरी गोष्ट ५ सप्टेंबरची आहे. शिक्षक दिनी एका दिवसासाठी मुख्याध्यापिका झालेल्या मुलीने खुर्चीत बसताच मधली सुट्टी दहा मिनिटे वाढवल्याचा हुकूम लिहून काढला. शिपाईमामांनी त्यावर सही आणि तारीख आहे एवढे पाहून घंटा खरोखरच दहा मिनिटे उशिरा दिली. आमच्या खऱ्या मुख्याध्यापकांनी तो कागद फाईलला लावून ठेवला आहे.

अडचण पुढेच आहे. आठ चिठ्ठ्या एकाच मुलाविषयी आहेत. तो पहिल्या तासाला झोपतो, एकदा झोपेतच "हजर" म्हणाला आणि तेव्हा गणिताचा तास चालू होता, अशा त्या गोष्टी आहेत. मुलांनी त्या अगदी निर्मळ मनाने लिहिल्या आहेत. परंतु तो मुलगा पहाटे चारला उठून धारा काढतो, डेअरीवर दूध घालतो आणि मग पाच किलोमीटर चालत शाळेत येतो, हे मला ठाऊक आहे आणि वर्गातल्या सगळ्यांना ते ठाऊक असेलच असे नाही. त्यातच मुलांचा आग्रह आहे, की दरवर्षीप्रमाणे शेलापागोटे, म्हणजे ज्याला आता सगळे फिशपाँड म्हणतात, तेही व्हायलाच हवेत आणि हस्तलिखितात छापल्यासारखे उतरवून घ्यायला हवेत.

म्हणून दोन प्रश्न विचारते. शाळा सोडून वीस, तीस किंवा पन्नास वर्षे झालेल्यांना आज कोणती गोष्ट आठवून हसू येते, आणि ती तेव्हा कोणी लिहून ठेवायला हवी होती असे वाटते? आणि शेलापागोट्यांचे काय करावे?

टीपकागद

बाई, आपला प्रश्न वाचून मी माझी जुनी पेटी उघडली. मी १९७० साली एस.एस.सी. झाले. तेव्हा ही परीक्षा अकरावीच्या शेवटी असे, त्यामुळे आमचा निरोप समारंभही अकरावीचाच होता. वर्गात मुली सात आणि मुलगे चाळीसच्या पुढे. मुलींचे बाक दाराजवळ असत आणि तास संपला की आम्ही बाईंच्या किंवा सरांच्या पाठोपाठ बाहेर पडून पुढच्या तासाला पुन्हा त्यांच्या पाठोपाठच आत येत असू. आजच्या मुलींना हे सांगितले तर त्यांना गंमत वाटते. आम्हांला मात्र ते इतके सवयीचे होते की त्याबद्दल कोणी काही बोललेलेही आठवत नाही.

मला ज्या गोष्टीने आजही हसू येते ती २१ जुलै १९६९ची आहे. तो सोमवार होता. माणसाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साधारण साडेआठ वाजले होते आणि आमची शाळा अकराला भरत असे, त्यामुळे बातमी रेडिओवरून गावभर होऊन मगच आम्ही वर्गात पोहोचलो. त्या दिवशी कोणाचेही लक्ष अभ्यासात नव्हते. बीजगणिताच्या सरांनी शांतपणे हजेरी घेतली, खडू हातात घेतला आणि मागच्या रांगेकडे पाहून ते म्हणाले, "माणूस दोन लाख चाळीस हजार मैलांवर जाऊन पोहोचला. तुमची वही त्या बाकापासून माझ्या टेबलापर्यंत अजून का पोहोचत नाही, ते तेवढे मला समजावून सांगा." सगळा वर्ग हसला, सर स्वतः हसले आणि ज्याची वही राहिली होती तो तर सर्वांत जास्त हसला. पुढे वर्षभर कोणाची वही राहिली की आम्ही त्याला "उड्डाण कधी?" एवढेच विचारत असू.

मी हे एवढ्या बारकाव्याने सांगू शकते, कारण आमच्या वर्गातील एका मुलीने ते त्याच आठवड्यात आपल्या निबंधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते आणि पुढे अनेक वर्षांनी तिने ते पान मला दिले. पान शाईच्या डागांनी भरलेले आहे, पण तारीख, वार, सरांचे वाक्य आणि कोण कुठल्या बाकावर बसले होते हे सर्व त्यात आहे. आपल्याला माझी पहिली विनंती हीच, की मुलांकडून "खूप मजा आली" हे वाक्य काढून घ्या आणि त्या जागी कोणता वार होता, पाऊस होता का, फळ्यावर काय लिहिलेले होते, डब्यात काय होते, हे भरून घ्या. "मजा आली" हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला काही सांगत नाही. डब्यातल्या दोन पुरणपोळ्या मात्र पन्नास वर्षे टिकतील. आपल्या नऊ चिठ्ठ्यांत पोळ्यांचा आकडा वेगवेगळा आहे ना, मग नऊच्या नऊ चिठ्ठ्या घ्या, एकीचीही दुरुस्ती करू नका.

शेलापागोट्याविषयी एवढेच सांगते, की शेला आणि पागोटे हा मुळात मानाचा आहेर आहे. ज्याचा सत्कार करायचा त्याच्या खांद्यावर शेला आणि डोक्यावर पागोटे. आमच्या शाळेत शेलापागोटे द्यायचे ते ज्याला त्याला उभे करून, त्याच्या एखाद्या गुणावर दोन ओळी रचून. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अक्षर इतके बारीक होते की सरांना भिंग लागत असे. त्याला ओळी मिळाल्या, "तांदळावरी गीता लिहील, कागद आमचा वाचवील." तो पुढे सर्वेक्षण खात्यात नकाशे काढत असे. हा प्रकार आपण बंद करू नका. त्यातला मान तेवढा परत आणा.

मागचा बाक

टीपकागद यांनी लिहिले ते खरे आहे, आणि त्यातला मान निघून गेला की काय होते हे मी सांगू शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी १९९९ साली दहावी झालो. तेव्हा ७५० गुणांची परीक्षा होती, म्हणजे तीन भाषा शंभर-शंभर गुणांच्या आणि गणित, विज्ञान व समाजशास्त्रे दीडशे-दीडशेची. आमच्या वर्गाच्या आनंदाच्या आठवणी पुष्कळ आहेत. सर्वांत लाडकी आठवण प्रयोगशाळेतली आहे. किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडच्या खड्यांवर सौम्य सल्फ्यूरिक आम्ल सोडून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करायचा, हा प्रयोग सर स्वतः करून दाखवत असत. प्रयोग संपल्यावर तोटी बंद केली की वायूच्या दाबाने आम्ल खाली जाते आणि क्रिया आपोआप थांबते, हे या उपकरणाचे वैशिष्ट्य सरांनी फार कौतुकाने समजावून सांगितले. त्या दिवशी मात्र तोटी पुरती बंद झाली नव्हती. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडले आणि नासक्या अंड्यांचा वास व्हरांड्यातून थेट शिक्षक-खोलीत पोहोचला. आमच्यातल्या एकाच मुलाच्या डब्यात त्या दिवशी खरोखर अंड्याची पोळी होती. तो बिचारा शपथेवर सांगत राहिला की माझी अंडी आजच सकाळची आहेत, आणि वर्गशिक्षकांनी त्याच्या डब्यातला एक घास खाऊन सर्वांसमक्ष त्याला निर्दोष ठरवले. आजही तो आम्हांला स्वतःच ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो आणि दर वेळी "सरांनी माझी बाजू घेतली" यावर संपवतो.

आता दुसरी आठवण. निरोप समारंभात फिशपाँड वाचण्याचे काम माझ्याकडे होते. एका डब्यात निनावी चिठ्ठ्या जमा झाल्या होत्या आणि त्या मी आधी न वाचता थेट ध्वनिक्षेपकावर वाचत गेलो. वर्गातला एक मुलगा दर गुरुवारी गैरहजर असे, कारण गुरुवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्याच्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीत त्याच्या वडिलांच्या पाटीवर आणि भाजीच्या हाकाटीवर चार ओळी होत्या. सगळे हसले. मीही हसत हसतच पुढची चिठ्ठी उचलली. त्यानंतर जेवणाची पंगत बसली तेव्हा तो तिथे नव्हता.

२५ वर्षांनी आम्ही वर्गाचा स्नेहमेळावा घेतला. व्हॉट्सॲपवरच्या गटात त्याचा क्रमांक होता, पण तो आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्याने मला चहा दिला, मुलांची ओळख करून दिली आणि जाताना सहज म्हणाला, की त्या दिवशी वडील हॉलच्या मागे उभे होते, मला न्यायला आले होते. मला तेव्हा त्याच्याशी काय बोलावे ते सुचले नाही आणि आजही पुरते सुचलेले नाही. त्या वर्षी वाचलेले बाकीचे तीस फिशपाँड कोणालाही आठवत नाहीत.

बाई, अंड्याची पोळी आणि भाजीची पाटी या दोन्ही गोष्टींत हसणारे तेच होते आणि शाळाही तीच होती. एका गोष्टीत ज्याच्यावर हसू आले त्याच्या बाजूने वर्गशिक्षक उभे राहिले, दुसऱ्या गोष्टीत त्याच्या बाजूने कोणीच नव्हते. आपल्या झोपणाऱ्या मुलाच्या आठ चिठ्ठ्या आपण त्याच्या हातात द्या आणि त्यालाच विचारा. त्याला यातली एखादी आवडली तर ती त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवावी. आवडली नाही तर ती बाद. आणि निनावी चिठ्ठ्यांची पेटी कृपा करून ठेवू नका. ज्याला लिहायचे असेल त्याने खाली आपले नाव लिहावे, मग पाहा, लिहिणारे हात किती विचार करतात.

टिळकवाडीकर

मी बेळगावचा. आमची परीक्षा कर्नाटक बोर्डाची एस.एस.एल.सी. होती. मराठी माध्यमात प्रथम भाषा मराठी १२५ गुणांची, बाकी पाच विषय शंभर-शंभरचे आणि एकूण ६२५. त्या पाचांत कन्नडही होते.

कन्नडचे सर फार प्रेमळ होते आणि आम्ही निदान त्यांच्या तासाला तरी कन्नडमध्येच उत्तर द्यावे असा त्यांचा आग्रह होता. आमच्या एका मित्राला आठवीत आल्यापासून एकच शब्द पक्का येत होता, तो म्हणजे "नाळे", अर्थात "उद्या". गृहपाठ एल्ली, म्हणजे कुठे, असे विचारले की "नाळे, सर". वही, नकाशा, सहलीचे पैसे, वडिलांची सही या सर्वांना त्याचे उत्तर "नाळे" हेच. सरांना राग येईना, कारण उत्तर कन्नडमध्ये होते आणि व्याकरणदृष्ट्या बिनचूक होते. दहावीच्या शेवटच्या तासाला सरांनी त्याला उभे केले आणि विचारले, की आता परीक्षा झाली, तू आम्हांला भेटायला कधी येणार? सगळा वर्ग एका सुरात "नाळे" म्हणाला. तो मात्र एकटा "निन्ने" म्हणाला, म्हणजे "काल". घाईत त्याचा शब्द चुकला होता. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि ते म्हणाले की तू कालही आला होतास आणि उद्याही येशील, मला दोन्ही मान्य आहे.

त्याला आम्ही आजही नाळे म्हणतो. त्याच्या दुकानावरही त्याने कौतुकाने तेच नाव लावले आहे. टोपणनाव हस्तलिखितात घ्यावे की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. ज्याचे टोपणनाव आहे त्याच्या आईसमोर ते मोठ्याने घेता येते का, एवढेच पाहावे. नाळेच्या आईसुद्धा त्याला कधी कधी नाळे म्हणतात.

ब्रासीलिया

मी या चर्चेत वयाने बहुधा सर्वांत लहान आहे. आमची दहावी २०२०ची. आमची परीक्षा जवळजवळ पूर्ण झाली होती. फक्त भूगोलाचा पेपर उरला होता आणि तो २३ मार्चला होता. करोनाच्या साथीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्दच झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून आम्हांला भूगोलाचे गुण मिळाले. आमच्या पुढच्या, म्हणजे २०२१च्या तुकडीची तर लेखी परीक्षाच झाली नाही.

नव्या अभ्यासक्रमात दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. आम्ही वर्षभर ब्राझील शिकलो. ॲमेझॉनचे खोरे, पँटानलची दलदल, ब्राझीलची उच्चभूमी, पिको दी नेब्लीना हे सर्वोच्च शिखर, राजधानी ब्रासीलिया, सगळे तोंडपाठ. सरांनी तर वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूने ब्राझीलचा एवढा मोठा नकाशा काढला होता, की फिरता फळा तिकडे नेला की तो रिओ दी जानेरोवर येत असे. आणि ज्या विषयाची एवढी तयारी केली, त्याचा एक शब्दही आम्हांला लिहावा लागला नाही. आम्ही पुढे कुठेही भेटलो, की कोणीतरी विचारायचेच, "ब्राझीलचे काय करायचे?"

सर निवृत्त झाले तेव्हा आमच्या वर्गातले सतरा जण त्यांच्या निरोपाला गेलो. जेवणे झाल्यावर आमच्यातल्या एकीने उठून सांगितले, की सर, आमचा ४० गुणांचा पेपर तुमच्याकडे बाकी आहे, तो घ्या. सरांना वाटले आम्ही थट्टा करतो. पण आम्ही पट्टी, पेन्सिल आणि कंपासपेटी सोबत घेऊनच गेलो होतो. त्यांनी त्याच वर्गात, त्याच फळ्यावर प्रश्न लिहिले, दोन तास पर्यवेक्षण केले, बोलणाऱ्या दोघांच्या जागा बदलल्या आणि चार दिवसांनी लाल शाईने तपासलेले सतरा कागद आम्हांला पोस्टाने पाठवले. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला शिकणाऱ्या मुलांना ११ आणि १४ गुण पडले होते. मला २३ मिळाले. नकाशाला सूची दिली नाही म्हणून एक गुण कापलेला आहे आणि शेरा आहे, "पाच वर्षांपूर्वीही हेच सांगितले होते." तो कागद मी चौकटीत लावून ठेवला आहे.

आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे, की हस्तलिखितात आठवणींबरोबर काही खऱ्या वस्तूही चिकटवाव्यात. सहलीचे तिकीट, शेरा लिहिलेले प्रयोगवहीचे पान, आणि आपल्या मुख्याध्यापकांनी फाईलला लावलेला तो मधल्या सुट्टीचा हुकूम. तो मूळ कागदच मिळाला तर फारच उत्तम.

खडूची पेटी

मी तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि वीसेक हस्तलिखिते मुलांकडून करून घेतली, म्हणून फक्त कामाचे सांगतो. स्केचपेनने मजकूर लिहू देऊ नका, तो रंग काही वर्षांत उडतो. काळी जलरोधक शाई वापरा आणि कागद कार्ट्रिज घ्या. वर्तमानपत्री कागद पिवळा पडून तुटतो. बांधणीच्या बाजूला दोन बोटे समास सोडा, नाहीतर प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिलाईत जातो. तिकिटे आणि कागद चिकटवताना पारदर्शक चिकटपट्टी अजिबात नको, ती पिवळी होऊन खालचा कागद खाते. गव्हाच्या पिठाची खळ पातळ लावा. ज्या मुलांचे अक्षर चांगले नाही त्यांचा मजकूर दुसऱ्याकडून सुंदर अक्षरात उतरवून घेण्याचा मोह शाळेत नेहमी होतो, तो टाळा. ३८ अक्षरे ३८ तऱ्हेची दिसली पाहिजेत, कारण पुढे मुले आधी अक्षर ओळखतात आणि मग मजकूर वाचतात. शेवटची चार पाने कोरी ठेवा. पहिल्या स्नेहमेळाव्याला ती भरतील.

पत्र्याखालचा वर्ग (प्रश्नकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार या आठवड्यात जे केले ते कळवते.

आठ चिठ्ठ्या मी त्या मुलाला दिल्या. मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात बसून वाचत होता आणि हसत होता. त्याने तीन काढून टाकल्या आणि पाच ठेवल्या. झोपेतल्या "हजर"ची गोष्ट त्याने ठेवली, पण खाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळींची भर घातली, की त्या रात्री आमची म्हैस व्याली होती, पारडी झाली आणि तिचे नाव मी हजरी ठेवले आहे. हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. आता मुले शनिवारी शाळा सुटल्यावर हजरीला पाहायला जाणार आहेत.

शेलापागोटे ठेवले आहेत, पण निनावी पेटी काढून टाकली. प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, तिच्यावर ज्याचे नाव येईल त्याच्या गुणावर दोन ओळी रचायच्या आणि समारंभात त्याच्यासमोर उभे राहून म्हणायच्या. मुले आधी थोडी नाराज झाली, मग रचना जमेनात म्हणून माझ्यामागे लागली. आता स्टाफरूमच्या दारात यमक विचारणाऱ्यांची रांग असते. "भूमिती"ला यमक सापडत नसल्याने एक मुलगा तीन दिवस अडून बसला होता. हुकुमाचा मूळ कागद द्यायला मुख्याध्यापक तयार नाहीत. तो दप्तरी दाखल झाला आहे, असे ते म्हणतात. त्याची प्रत मात्र त्यांनी शाळेचा शिक्का मारून दिली आहे.

एक चिठ्ठी मी पहिल्या वाचनात जवळजवळ बाजूला ठेवली होती, कारण तिच्यात हसण्यासारखे काही आहे असे मला वाटले नव्हते. आमच्या वर्गाला पत्र्याचे छप्पर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. एक अतिशय हळू बोलणारी मुलगी आहे, तिचा हजेरी क्रमांक १७. तिने लिहिले आहे, की आठवीत पावसात माझा आवाज बाईंपर्यंत पोहोचत नसे आणि माझी गैरहजेरी लागत असे, म्हणून एके दिवशी मी कंपासपेटी बाकावर दोनदा आपटली. बाईंनी वर पाहिले आणि खूण केली. दुसऱ्या दिवसापासून पाऊस असला की सगळा वर्गच "हजर" म्हणण्याऐवजी दोनदा कंपासपेटी वाजवू लागला, आणि ऊन पडल्यावरही कित्येक दिवस कोणी तोंडाने बोलेना.

मला हे चांगले आठवते. मी तेव्हा मुलांना रागावले होते, कारण मला तो सर्वांनी मिळून केलेला दंगा वाटला होता. तो कोणी आणि का सुरू केला हे मला तीन वर्षांनी या चिठ्ठीतून कळले. ही चिठ्ठी पहिल्या पानावर घेतली आहे, आणि टीपकागद यांच्या सांगण्याप्रमाणे तिच्याकडून वार विचारून घेतला. मंगळवार होता आणि फळ्यावर पानिपतच्या लढाईची तारीख लिहिलेली होती.